अदृश्य विष आणि वाङ्मय

शेतीचें ज्ञान हें मुख्यतः इंद्रियांचें ज्ञान आहे. कणसांतला दाणा भरला कीं नाहीं हें बोटांनीं दाबून कळतें. चाळींतला कांदा सडूं लागला तर नाकास आधीं वर्दी मिळते. द्राक्षावर भुरी आली तर ती डोळ्यांस दिसते. आमच्या सिन्नर तालुक्याच्या पूर्वेकडील अवर्षणग्रस्त गांवांतला कुणबी शाळेंत फारसा गेला नसेल, पण मातीचा रंग व वाऱ्याची दिशा पाहून तो जें अनुमान बांधतो तें सहसा चुकत नाहीं. अन्नाची पारख मनुष्यजातीनें हजारों वर्षें इंद्रियांवर सोंपविली आहे, आणि भाषेंतले कडू-गोड, ताजें-शिळें, कसदार-निकस हे शब्द ह्याच पारखीचे शिक्के होत. आतां अशा एका विषाची कल्पना करावी कीं, जें पिकांत उतरलें असतां पिकाचा रंग पालटत नाहीं, वास येत नाहीं, चव बिघडत नाहीं. त्या विषापुढें शेतकरी आंधळा होतो. इतकेंच नव्हे, तर त्याची भाषाहि मुकी होते. अणुभट्टीच्या अपघातानंतर पिकांत शिरणारें किरणोत्सर्गी द्रव्य हें असें विष होय. शास्त्रज्ञांनीं त्याचा पुष्कळ विचार केला आहे. वाङ्मयानें तो कसा केला व कसा करावयास हवा, एवढाच आमच्या लेखाचा विषय आहे.

प्रथम वस्तुस्थिति थोडक्यांत सांगणें अवश्य आहे. १९५७ च्या ऑक्टोबरांत इंग्लंडांतील विंडस्केल येथील अणुभट्टीस आग लागली, तेव्हां आसपासच्या सुमारें ५०० चौरस किलोमीटर टापूंतील दूध ओतून द्यावें लागलें. २६ एप्रिल १९८६ रोजीं युक्रेनमधील चेर्नोबिल येथें चौथ्या अणुभट्टीचा स्फोट झाला. वाऱ्यावर गेलेलें द्रव्य जेथें जेथें पाऊस पडला तेथें अधिक उतरलें, आणि बेलारूसचा सुमारें २३ टक्के भूभाग सीझियमनें दूषित झाला. ह्या द्रव्यांचे स्वभाव निरनिराळे आहेत. आयोडीन-१३१ आठ दिवसांत निम्में होतें. पण तेवढ्या अवधींत तें गवतावाटे गाईच्या दुधांत आणि दुधावाटे मुलांच्या गळ्यांतील थायरॉइड ग्रंथींत जाऊन बसतें. सीझियम-१३७ निम्में होण्यास तीस वर्षें लागतात. वनस्पति त्यास पोटॅशियमचा भाऊबंद समजून मुळांवाटे आंत घेतात. स्ट्रॉन्शियम-९० कॅल्शियमच्या वेषानें हाडांत शिरतें. चेर्नोबिलच्या वेळीं बेलारूस, युक्रेन व रशियाच्या बाधित भागांत जे लहान वयाचे होते, त्यांच्यांत २००५ पर्यंत थायरॉइडच्या कर्करोगाचे ६,०००हून अधिक रोगी आढळले. त्यांतील बऱ्याच मोठ्या भागाचें कारण पहिल्या कांहीं आठवड्यांतलें दूध हें होय. तें दूध थांबवितां आलें असतें. परंतु दूध थांबविण्यासाठीं कोणीतरी वेळींच बोलावें लागतें, आणि सोव्हिएट सरकार वेळींच बोललें नाहीं. येथें शास्त्राची हद्द संपून शब्दांची हद्द सुरू होते.

ह्या प्रांतांतील सर्वांत प्रसिद्ध ग्रंथ म्हणजे स्वेतलाना अलेक्सिएविच ह्या बेलारूसी लेखिकेचा 'चेर्नोबिलची प्रार्थना' हा होय. तो १९९७ सालीं रशियन भाषेंत निघाला. लेखिकेस २०१५ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. ही कादंबरी नव्हे आणि रूढ अर्थानें इतिहासहि नव्हे. आग विझविण्यास गेलेल्या जवानाची विधवा, माती खणून मातींत पुरणारे सैनिक, ओसाड गांवांतलीं कुत्रींमांजरें मारावयास धाडलेले शिकारी, शिक्षक, डॉक्टर, गांव सोडण्याचें नाकारणाऱ्या म्हाताऱ्या, अशा अनेकांचीं स्वगतें तिनें एकामागून एक मांडलीं आहेत. स्वतः लेखिका जवळजवळ बोलतच नाहीं.

ह्या ग्रंथाचा खरा विशेष त्यांतील म्हाताऱ्यांच्या स्वगतांत आहे, असें आमचें मत आहे. ह्या बाया युद्ध पाहिलेल्या, दुष्काळ भोगलेल्या. शत्रु म्हणजे जो दिसतो तो, ही त्यांची व्याख्या. परसांतला बटाटा तोच, सफरचंद तेंच, गाय तीच. मग तें खावयाचें नाहीं तें कां? हा प्रश्न अज्ञानाचा आहे असें वरवर पाहणारास वाटेल. आम्हांस तो तसा वाटत नाहीं. जन्मभर ज्या इंद्रियांवर विश्वास ठेवून जगलों त्यांस एका सरकारी कागदाच्या सांगण्यावरून खोटें कसें ठरवावें, आणि तेंहि काल ज्या सरकारनें सर्व कांहीं ठीक आहे म्हणून सांगितलें त्याच्याच सांगण्यावरून, हा त्या प्रश्नाचा गाभा आहे. अन्नावरील विश्वास उडाला म्हणजे घर, गांव व राज्य ह्यांवरील विश्वास कसा एकेक करून उडतो, हें कोणत्याहि अहवालांत न सांपडणारें सत्य ह्या ग्रंथानें जगापुढें ठेविलें. त्याबद्दल लेखिकेचे जेवढे आभार मानावे तेवढे थोडे.

परंतु टीकाकारानें केवळ आभार मानून भागत नाहीं. ह्या ग्रंथाचा एक मोठा दोष आहे, आणि तो त्याच्या गुणांतूनच उत्पन्न झालेला आहे. सर्व स्वगतें सारख्याच आवाजांत छापलेलीं असल्यामुळें ज्यानें मोजलें त्याचें वाक्य आणि ज्यानें ऐकलें त्याचें वाक्य ह्यांचें वजन एकच होतें. बेलारूसच्या अणुशक्तिसंस्थेचा माजी संचालक नेस्तेरेंको ह्यांत बोलतो. त्यानें उपकरण हातांत घेऊन मोजलेलें आहे. त्याच्याच पंक्तीस जंगलांतल्या विद्रूप प्राण्यांच्या अफवाहि बसलेल्या आहेत. ग्रंथ मिटतांना वाचकाच्या मनांत भय पुरेपूर भरलेलें असतें, पण कोणत्या गोष्टीचें भय धरावें व कोणत्या गोष्टीचें धरूं नये हा विवेक त्यास मिळत नाहीं. ह्यावर कोणी म्हणेल कीं, विवेक देणें हें अहवालाचें काम आहे, कलेचें नव्हे. सामान्यतः आम्ही हें मान्य करूं. पण येथें विषय अन्नाचा आहे. २००५ सालीं चेर्नोबिल फोरमच्या शास्त्रज्ञांनीं असा निष्कर्ष काढला कीं, ह्या अपघाताचा सार्वजनिक आरोग्यावर झालेला सर्वांत मोठा परिणाम मानसिक आहे. भय हेंच जेथें एक रोग होऊन बसलें आहे, तेथें भयाचें तारतम्य दाखविणें हा करुणेचाच एक भाग ठरतो.

हें तारतम्य कलेच्या मर्यादेंत राहूनहि साधतां येतें, ह्याचें उदाहरण म्हणून आम्ही जपानी कादंबरीकार इबुसे मासुजी ह्याच्या 'काळा पाऊस' ह्या कादंबरीकडे बोट दाखवूं. ती १९६५-६६ सालीं क्रमशः प्रसिद्ध झाली. विषय हिरोशिमाचा, म्हणजे अपघाताचा नव्हे, बाँबचा. तरी आमच्या मुद्द्यास ती फार उपयोगी आहे. कथानक मराठी वाचकास अगदीं घरचें वाटेल. यासुको नांवाच्या भाचीचें लग्न जमत नाहीं, कारण ती किरणांनीं बाधित आहे अशी कुजबूज आहे. तिचा मामा शिगेमात्सु ती कुजबूज खोटी ठरविण्याकरितां तिची व आपली रोजनिशी उतरून काढूं लागतो. स्थळ आणणाऱ्यांस कागद दाखवून मुलगी निर्दोष सिद्ध करावयाची, ही धडपड आपल्याकडील कोणत्या घरास अपरिचित आहे? आणि जसजशी रोजनिशी उतरली जाते, तसतसें सत्य कुजबुजीहून भयंकर निघतें. मुलगी खरोखरच आजारी पडते. इबुसेनें अफवा टाळली नाहीं. त्यानें तिलाच कथेचा विषय केला, आणि तिच्यासमोर दिनांकवार नोंद उभी केली. अलेक्सिएविचच्या ग्रंथांत जें वेगळें झालें नाहीं तें येथें वेगळें झालें आहे. म्हणूनच इबुसेचा शोक अधिक शांत व अधिक खोल उतरतो.

ह्याच जपानांत २०११ च्या मार्चमध्यें फुकुशिमाचा अपघात झाला, आणि तांदूळ पिकविणाऱ्या त्या प्रांतास कुजबुजीचा अनुभव पुन्हां घ्यावा लागला. एप्रिल २०१२ पासून तेथें अन्नांतील सीझियमची मर्यादा दर किलोस ५०० बेकेरेलवरून १०० वर आणली गेली. त्या वर्षापासून प्रांतांतील तांदळाचें प्रत्येक पोतें यंत्राखालून जाऊं लागलें. वर्षास सुमारें एक कोटि पोतीं. २०१२ सालच्या पिकांत मर्यादेबाहेर गेलेलीं पोतीं ७१ निघालीं. २०१५ पासून एकहि नाहीं. शेतकऱ्यांनीं शेतांस पोटॅशियमचें खत दिलें, कारण पोटॅशियमची भूक भागली म्हणजे रोप सीझियमकडे कमी वळतें. तरीहि गिऱ्हाईक परत येण्यास फार काळ लागला. जपानी भाषेंत ह्या हानीस 'फूह्यो हिगाई' असा शब्द आहे. त्याचा अर्थ अफवेनें झालेलें नुकसान. शब्द असला म्हणजे दुःख कमी होतें असें नाहीं. पण त्याची गणना करतां येते, भरपाई मागतां येते, त्यावर लिहितां येतें.

आतां आपल्या घरीं येऊं. हा विषय आपल्या ताटापर्यंत आलाच नाहीं असें समजण्याचें कारण नाहीं. चेर्नोबिलनंतर 'ऑपरेशन फ्लड' योजनेखालीं आयर्लंडहून लोणी आलें, आणि तें दूषित असल्याची शंका घेऊन मुंबईच्या कांहीं नागरिकांनीं प्रथम मुंबई उच्च न्यायालयांत व तेथें अर्ज फेटाळला गेल्यावर सर्वोच्च न्यायालयांत दाद मागितली. न्यायालयानें तज्ज्ञांची समिति नेमली. अणुऊर्जा नियामक मंडळानें ऑगस्ट १९८७ मध्यें ठरविलेल्या मर्यादेंतील दुग्धपदार्थ निरुपद्रवी आहेत, असा समितीनें अभिप्राय दिला, आणि १९८८ सालीं अर्ज निकालांत निघाला. शास्त्रदृष्ट्या ह्यांत आश्चर्य नाहीं. सीझियम पाण्यांत विरघळणारें आहे. दूध घुसळलें म्हणजे तें बहुतेक ताकांत राहतें, लोण्यांत थोडेंच येतें. ताक व लोणी ह्यांचा हा भेद महाराष्ट्रांतील कोणत्याहि गृहिणीस दोन वाक्यांत समजला असता. पण त्या भाषेंत तो सांगण्याचें काम न्यायालयाचें नव्हे. तें लेखकाचें होतें. ह्या प्रकरणावर नाव घेण्याजोगी एकहि मराठी कथा आम्हांस ठाऊक नाहीं. वस्तुतः मर्यादा कोणी ठरवावी, ती खाणारास कोणत्या भाषेंत कळवावी, आणि लहान मुलाच्या पेल्यास मोठ्या माणसाचेंच माप लावावें काय, हे प्रश्न जेवढे कायद्याचे तेवढेच कथेचेहि आहेत.

शब्दांच्या ह्या दारिद्र्याचें फळ आमच्या जिल्ह्यांतच पाहावयास मिळतें. सिन्नरच्या शेजारीं निफाड तालुक्यांत लासलगांव येथें भाभा अणुसंशोधन केंद्रानें २००२ सालीं विकिरण केंद्र उभारलें. कांद्यास मोड येऊं नयेत म्हणून कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांची ६० ते ९० ग्रे मात्रा पुरते. २००७ सालीं अमेरिकेचा बाजार भारतीय आंब्यास खुला झाला, तो ह्याच केंद्रांतून गेलेल्या आंब्यामुळें. किरण कांद्यांतून आरपार जातात. कांदा त्यामुळें किरणोत्सर्गी होत नाहीं, जसा उन्हांत वाळविलेला पापड स्वतः प्रकाश देऊं लागत नाहीं. उलट अपघातांतील द्रव्य पिकाच्या अंगांत वस्ती करतें. एक कृति, दुसरा अपघात. परंतु बोलभाषेंत दोहोंस 'किरणें लागलेला माल' असें एकच नांव मिळालें तर उपकारक व अपायकारक ह्यांतील रेघ पुसली जाते. दुसऱ्या बाजूस, ज्या विड्यांच्या धंद्यानें सिन्नरास एके काळीं नांव मिळवून दिलें, त्या विडींतल्या तंबाखूंत पोलोनियम-२१० हें किरणोत्सर्गी द्रव्य निसर्गतःच असतें. त्याचें भय मात्र कोणास वाटलेलें आम्हीं पाहिलें नाहीं. भय व धोका ह्यांची जोडी अशी सदाच विजोड असते, आणि ती जुळवून दाखविणें हें सुबुद्ध वाङ्मयाचें काम आहे.

मराठी ग्रामीण वाङ्मय ह्या कामास असमर्थ आहे असें आम्ही म्हणत नाहीं. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'त १९५५ सालीं दुष्काळानें गांव उठतें. आनंद यादवांच्या 'गोतावळा'त १९७१ सालीं ट्रॅक्टर येतो आणि जनावरांचें गोत नाहीसें होतें. दोन्ही कृति उत्तम आहेत. पण दोहोंतलें संकट डोळ्यांस दिसणारें आहे: आटलेली विहीर दिसते, ट्रॅक्टरचा आवाज ऐकूं येतो. आमच्या कथेची सगळी शक्ति इंद्रियानुभवाच्या वर्णनांत आहे, आणि हें संकट नेमकें इंद्रियांच्या पलीकडचें आहे. तेव्हां जुन्या कौशल्यानें तें पकडतां येणार नाहीं. जैतापूरच्या योजिलेल्या प्रकल्पावरून २०१० च्या सुमारास जो वाद पेटला, त्यांत हापूस आंबा व मासळी ह्यांविषयींची चिंता अग्रभागीं होती. त्या वादावर पत्रकें निघालीं, भाषणें झालीं. पण आपल्या कलमाकडे पाहणाऱ्या एखाद्या बागायतदाराच्या मनांत आकडा व आंबा ह्यांचें जें द्वंद्व चाललें असेल, त्याची कादंबरी व्हावयास हवी. बाजू घेणारें पत्रक कोणीहि लिहील. न दिसणाऱ्या गोष्टीवर विश्वास ठेवावा कीं न ठेवावा ह्या पेचांत सांपडलेला माणूस रंगविणें हें कादंबरीकारासच शक्य आहे.

असा लेखक पुढें आला तर त्यानें अलेक्सिएविचकडून कान घ्यावा आणि इबुसेकडून नोंदवही घ्यावी, एवढीच आमची सूचना आहे. माणसांचें ऐकावें, पण ऐकलेल्यास दिनांक व माप द्यावें. मापाशिवाय करुणा ही केवळ घबराट होते, आणि करुणेशिवाय माप हें केवळ सरकारी दाखला राहतें. अन्न हें पूर्णब्रह्म मानणाऱ्या समाजास दोहोंपैकीं एकावर पोट भरतां येणार नाहीं.