वेल, माती आणि हात : नॉसिटर यांच्या दोन चित्रपटांविषयी

पवित्र मिस्साच्या अर्पणविधीत धर्मगुरू द्राक्षारसाचा प्याला उचलतात तेव्हाच्या प्रार्थनेत वेलीचे फळ आणि माणसाचे श्रम यांचा एकत्र उल्लेख असतो. निसर्गाचे दान आणि मानवी कष्ट यांची अशी सांगड ज्या पेयात पडली, त्या पेयाचे गेल्या अर्धशतकात युरोपात काय झाले, ह्याचा शोध जोनाथन नॉसिटर ह्या अमेरिकन दिग्दर्शकाने दोन माहितीपटांतून घेतला आहे. 'मोंदोविनो' २००४ साली कान महोत्सवाच्या स्पर्धेत होता. 'नॅचरल रेझिस्टन्स' २०१४ साली बर्लिन महोत्सवात दाखवला गेला. त्यांचा परामर्श घेताना मद्यपानाची भलावण करण्याचा आमचा हेतू नाही. द्राक्षारसाचा आनंद आणि अतिरेकाचा कडूपणा बेन सिराच्या ग्रंथात एकाच ठिकाणी सांगितला आहे, आणि व्यसनाने उद्ध्वस्त झालेली घरे कोणत्या धर्मग्रामात नाहीत? प्रश्न पिण्याचा नसून पिकवण्याचा आहे. जमीन कोणाची, चव कोणाची आणि वारसा कोणी सांभाळायचा, हे ह्या चित्रपटांचे खरे विषय आहेत.

'मोंदोविनो'चे एक मुख्य नाट्य दक्षिण फ्रान्समधील आनियान ह्या गावी घडते. आठव्या शतकात संत बेनेडिक्ट (आनियानचे) यांनी येथे मठ स्थापन केला आणि येथूनच पश्चिम युरोपातील मठजीवनाच्या सुधारणेला चालना मिळाली. ह्या गावाच्या डोंगरावरील सार्वजनिक वनजमिनीवर द्राक्षमळा उभारण्याची योजना कॅलिफोर्नियाच्या मोंडावी कंपनीने २००० साली पुढे आणली. जुने महापौर अनुकूल होते. गावात वाद पेटला. २००१ च्या निवडणुकीत योजनेला विरोध करणारे मान्युएल दियाझ महापौर झाले आणि कंपनीने माघार घेतली. विरोधकांतील सर्वांत ठळक आवाज होता 'मा द दोमा गासाक' ह्या मळ्याचे मालक एमे गिबेर यांचा. खरा द्राक्षारस आता मेला आहे, असे हे वृद्ध गृहस्थ कॅमेऱ्यासमोर जवळजवळ शोकसभेच्या सुरात सांगतात. प्रेक्षकाला नाबोथाचा मळा आणि अहाब राजा आठवल्यावाचून राहत नाही. वसईच्या वाचकाला त्यापुढे आणखी काही आठवेल. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली हरित वसईची चळवळ ज्यांनी पाहिली, त्यांना आनियानच्या सभांमधला ताण समजावून सांगावा लागणार नाही.

गावकऱ्यांच्या समोर नॉसिटर दोन बलाढ्य व्यक्ती उभ्या करतात. पहिले मिशेल रोलां, बोर्दोचे सल्लागार. ते मोटारीतून एका मळ्यावरून दुसऱ्या मळ्यावर जातात, फोनवर सूचना देतात, मनमोकळे हसतात आणि अनेकांना एकच उपाय सांगतात : टाकीतल्या रसात प्राणवायूचे सूक्ष्म बुडबुडे सोडा. त्यामुळे कोवळ्या रसाचा तुरटपणा लवकर निवतो आणि तो लवकर विकता येतो. दुसरे रॉबर्ट पार्कर, अमेरिकन समीक्षक. त्यांनी १९७८ साली आपले नियतकालिक सुरू केले आणि शंभरपैकी गुण देण्याची पद्धत रूढ केली. एका माणसाच्या जिभेला गडद, गोडसर, नव्या ओक पिंपाच्या वासाचा रस आवडला, त्याला जास्त गुण मिळाले, आणि मग जगभरच्या उत्पादकांनी तसाच रस काढायला घेतला, असा चित्रपटाचा आरोप आहे. दहा गावांची दहा वेगळी कालवणे जाऊन सगळीकडे एकाच मसाल्याचा वास यावा, तशी ही गत.

ह्याच्या उलट बाजूला आहेत बर्गंडीतील व्होल्ने गावचे उबेर द मोंतीय, पेशाने वकील आणि वारशाने द्राक्षमळेवाले. त्यांचा रस तरुणपणी कठोर असतो आणि वर्षे गेल्यावर बोलू लागतो. बर्गंडीच्या ह्या लहान तुकड्यांना इतिहास आहे. १०९८ साली सितो येथे स्थापन झालेल्या मठाच्या संन्याशांनी येथील मळे जोपासले आणि कोणत्या उतारावर कोणते फळ कसे येते ह्याची पारख पिढ्यान्‌पिढ्या केली. फ्रेंच राज्यक्रांतीत मठांची जमीन जप्त होऊन विकली गेली. पुढे वारसाहक्काच्या समान वाटणीने तिचे आणखी तुकडे झाले. संन्याशांनी भिंत घातलेला क्लो द व्हूजो हा सुमारे ५० हेक्टरांचा मळा आज ८० च्या आसपास मालकांत विभागलेला आहे. त्यामुळे फ्रेंच ज्याला 'तेरवार' म्हणतात, म्हणजे माती, उतार, हवामान आणि तिथली माणसे यांचा एकत्रित गुण, तो मुळात मठाच्या दीर्घ संयमातून शब्दांत आला, असे म्हणायला हरकत नाही. ही बाजू चित्रपटाने अधिक उलगडायला हवी होती. नॉसिटर वारशाविषयी भरभरून बोलतात, परंतु त्याच्या मुळाशी असलेल्या प्रार्थनामय श्रमापर्यंत त्यांचा कॅमेरा पोहोचत नाही.

कलाकृती म्हणून 'मोंदोविनो' जिवंत आहे. हातातला कॅमेरा थरथरतो, मध्येच एखाद्या कुत्र्याकडे वळतो, आणि त्या भटकण्यातून घरांचा स्वभाव कळतो. न्याय्य मात्र तो सर्वत्र नाही. रोलां यांचे हसू वारंवार दाखवून त्यांना खलनायक ठरवणे सोपे आहे. त्यांच्या शास्त्रामुळे अस्वच्छ तळघरांतला बिघडलेला रस सुधारला, हे चित्रपट पुरेसे सांगत नाही. त्याहून मोठी विसंगती गिबेर यांच्यापाशी आहे. परंपरेचे हे राखणदार मूळचे आनियानचे नव्हेत. कातडी हातमोज्यांच्या व्यवसायातून ते १९७० च्या सुमारास तेथे आले. त्यांनी लावलेली मुख्य वेल काबर्ने सोव्हिन्यों ही बोर्दोची. त्यांच्या मातीचा गुण ओळखला तो बोर्दोचे भूगोलतज्ज्ञ आंरी आंजाल्बेर यांनी, आणि १९७८ च्या पहिल्या हंगामाला सल्ला दिला तो एमिल पेनो यांनी. ज्या आधुनिक बोर्दो शास्त्रात रोलां घडले, त्याचे पेनो हे अध्वर्यू. म्हणजे कालचा पाहुणा आज घरधनी झाला आणि उद्याच्या पाहुण्याला दार लावू लागला. ह्यामुळे गिबेर यांचा विरोध खोटा ठरत नाही. परंपरा ही गोठलेली वस्तू नसून कोणीतरी येऊन, राबून, थांबून ती घडवतो, एवढेच त्यातून दिसते. हा गुंता चित्रपटाने अंगावर घेतला असता तर त्याची उंची वाढली असती.

दुसरा चित्रपट लहान आणि शांत आहे. इटलीतील चार मळ्यांवरची माणसे त्यात बोलतात. वेलींवर कृत्रिम रसायने मारायची नाहीत, फळाच्या सालीवरच्या निसर्गदत्त यीस्टनेच रस आंबवायचा आणि गंधकाचा वापर टाळायचा किंवा अगदी कमी करायचा, ही त्यांची सर्वसाधारण रीत. त्यांतील पिएमाँतचे स्तेफानो बेलोत्ती (निधन २०१८) एका प्रसंगात फावडे घेऊन आपल्या मळ्यातली माती उकरतात आणि मग शेजारच्या रासायनिक शेतीच्या मळ्यातली. एक माती भुसभुशीत, मुळांनी भरलेली. दुसरी घट्ट, निर्जीव. दोन ढेकळे शेजारी शेजारी ठेवली की भाष्याची गरज उरत नाही. आमच्या मते दोन्ही चित्रपटांतील हा सर्वोच्च क्षण आहे.

हेच बेलोत्ती सांगतात की, मळ्यात पीचची काही झाडे लावल्यामुळे सरकारी यंत्रणेने त्या जमिनीला द्राक्षमळा मानायलाच नकार दिला. लूकच्या शुभवर्तमानातील तो दाखला येथे आठवतो : एका माणसाने आपल्या द्राक्षमळ्यात अंजिराचे झाड लावले होते. प्रभू येशूच्या श्रोत्यांना त्यात काहीही वावगे वाटले नसेल. जे त्या काळच्या शेतकऱ्याला साधे शहाणपण होते, ते आजच्या नियमाला अशुद्धी वाटते!

पहिल्या चित्रपटात पक्षपात आहे, तर दुसऱ्यात विरोधच नाही. सारे एकमेकांना मान डोलावतात. नैसर्गिक म्हणवणारा रसही कधी नासतो, त्याची किंमत सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेर जाते, 'नैसर्गिक' हा शब्दही बाजारात खपतो, ह्या शंका कोणी नेटाने विचारत नाही. सर्वांत मोठी उणीव दोहोंत समान आहे. मालकाची स्मृती, मालकाची जीभ, मालकाचे दुःख आपल्याला भरपूर भेटते. मजूर मात्र ओझरता दिसतो. मत्तयच्या शुभवर्तमानातील मळ्याच्या दाखल्यात धनी पहाटेपासून बाजारात जातो तो मजुरांसाठी, आणि शेवटच्या घटकेला आलेल्यालाही पूर्ण रोज देतो. आजचा अनुभव वेगळा आहे. शांपेन प्रदेशात २०२३ च्या तोडणीच्या हंगामात स्थलांतरित मजुरांना अमानुष अवस्थेत ठेवल्याबद्दल २०२५ साली फ्रेंच न्यायालयाने मानवी तस्करीच्या गुन्ह्यात शिक्षा सुनावल्या. माती जिवंत ठेवली आणि माती उकरणारा माणूस चिरडला, तर त्या प्याल्याला नैसर्गिक कसे म्हणावे?

'नैसर्गिक' हा शब्द आपल्याला परका नाही. १९८३ च्या धर्मसंहितेचा ९२४ वा नियम सांगतो की, मिस्साचा द्राक्षारस वेलीच्या फळापासून झालेला, नैसर्गिक आणि न बिघडलेला असावा. संहितेचा रोख भेसळीकडे आहे. यीस्ट वा गंधकाच्या आजच्या वादात ती पडत नाही. तरी तिचा आग्रह आणि ह्या शेतकऱ्यांचा आग्रह एकमेकांना ओळखतात. रोमच्या उत्तरेस व्हितोर्कियानो येथील सिस्टर्शियन धर्मभगिनी आपल्या मठाच्या मळ्यात रसायनांवाचून वेली वाढवतात आणि 'चेनोबियम' नावाचा पांढरा द्राक्षारस करतात. अमेरिकेत तो आणणारे व्यापारी नील रोझेन्थाल हे 'मोंदोविनो'तही भेटतात. नॉसिटर यांनी ह्या मठाकडे कॅमेरा वळवला असता, तर जे त्यांना हवे होते ते त्यांना सापडले असते. तेथे मळेवालीच मजूर आहे, आणि घंटा झाली की मजूर प्रार्थनेला जाते.

दोषांसह हे दोन्ही चित्रपट आमच्या वाचकांनी पाहावेत, विशेषतः ज्यांची वाडी अजून शिल्लक आहे त्यांनी. चव ही केवळ जिभेची बाब नाही, ती जमिनीवरच्या निष्ठेची साक्ष असते, हे नॉसिटर पटवून देतात. प्रत्येक ढेकळामागे एक हात असतो, हे मात्र आपल्याला प्रार्थनेकडूनच शिकावे लागते.