एका ओळीतला गोंधळ

शास्त्रीय नियतकालिकातला लेख कुणी चवीने वाचत नाही. ‘नेचर’च्या जून १९७६ मधल्या एका अंकातला रॉबर्ट मे यांचा लेख मात्र पुन्हा पुन्हा वाचावासा वाटतो. मे मूळचे सिडनीचे, शिक्षणाने भौतिकशास्त्रज्ञ. तेव्हा ते प्रिन्स्टनमध्ये प्राण्यांच्या संख्येचं गणित मांडत होते. नऊ पानांचा हा लेख बहुतांशी एका समीकरणावर उभा आहे, आणि ते नववी-दहावीच्या मुलालाही सोडवता येईल.

एखाद्या किड्याची पिढी अंडी घालून मरते, पुढच्या वर्षी नवी पिढी येते. यंदाची संख्या क्ष माना. क्ष शून्य म्हणजे किडे नाहीतच. क्ष १ म्हणजे इतकी दाटी, की पुढच्या वर्षी एकही उरणार नाही. आता क्ष ला ‘१ वजा क्ष’ने गुणा आणि येईल त्याला वाढीच्या गुणकाने गुणा. झाली पुढच्या वर्षीची संख्या. नियम संपला.

सगळी गंमत त्या दोन पदांच्या ओढाताणीत आहे. क्ष म्हणतो, आईबाप जास्त तर पिल्लं जास्त. ‘१ वजा क्ष’ म्हणतो, गर्दी झाली, आता खायला कुठून आणणार? दोघांचं म्हणणं खरं, आणि दोघांना एकाच गुणाकारात कोंडलेलं. यात कुठे पाऊस नाही, रोगराई नाही, फासे तर नाहीतच.

गुणक २.५ ठेवा. चार-सहा पिढ्या थोडं वरखाली होऊन संख्या ०.६ पाशी येऊन बसते. ३.२ केला की ती एक वर्ष ०.५१, एक वर्ष ०.८० असे हेलकावे कायम घेत राहते. ३.४५ च्या पुढे तेच आकडे चार वर्षांनी परततात, मग आठ, मग सोळा. हे दुप्पट होणं उत्तरोत्तर घाईचं होत जातं आणि ३.५७ च्या आसपास त्याचाही धीर सुटतो. त्यापलीकडे, मधले काही पट्टे सोडले तर, आकडे कुठल्याच चालीत येत नाहीत. गुणक ४ असताना एकदा ०.३०० पासून सुरुवात करा, एकदा ०.३०१ पासून. दहाव्या पिढीत पहिल्याचे ०.०४ होतात, दुसऱ्याचे ०.६२. नियम पूर्ण ठाऊक आहे, तरी भाकीत हातचं निसटलं! आपण बदलला तो फक्त गुणक. समीकरणातलं एक अक्षरही हललेलं नाही.

अशा वर्तनाला ‘केऑस’ हे नाव ली आणि यॉर्क यांनी आदल्याच वर्षी दिलं होतं. मे यांचं मोठेपण ते शेतात उतरवण्यात आहे. किड्यांच्या मोजणीत आकडे वेडेवाकडे आले की अभ्यासक हवामानाला किंवा मोजणाऱ्याला दोष देत. मे म्हणतात, दोष कुणाचाच नसेल. साधा नियमही असं करू शकतो. मधली आवर्तनांची मोजदाद रूक्ष आहे, ती चाळून पुढे गेलात तरी चालेल. आणखी एक गोष्ट सांगायला हवी. मे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच सुमारास खऱ्याखुऱ्या कीटकांची आकडेवारी तपासली, तेव्हा बहुतेक जाती समीकरणाच्या शांत भागातच सापडल्या. म्हणजे गोंधळ शक्य आहे हे लेखाने दाखवलं. तो जागोजागी आहे, असं नव्हे. लेखाच्या नावावर पुढे जे ढोल वाजले, त्यांत हा फरक बुडाला.

शेवटी मे चक्क प्रचारक होतात. हे समीकरण मुलांना लवकर शिकवा, म्हणतात. राजकारण आणि अर्थकारणात वावरणाऱ्यांनाही ते कळलेलं बरं. बाजार कोसळला की एका दिवसात एक खलनायक शोधणारे आपणही त्यातच आलो. पन्नास वर्षं होत आली, तरी आपल्या शालेय पुस्तकांत मुलं आलेख काढतात ते बहुतेक सरळ रेषांचे. शिक्षकांना विनंती आहे, एक तास यासाठी काढा. मोबाइलमधला कॅल्क्युलेटर पुरतो. गुणक ३.८३ घ्या, सुरुवात ०.५ पासून करा. गोंधळाच्या ऐन मध्यात ०.१५६, ०.५०५, ०.९५७ हे तीन आकडे आळीपाळीने येत राहतील.