डॉ. हिंमतराव बावस्कर यांचे विंचूदंशविषयक संशोधनलेखन : संदर्भोल्लेखांच्या मोजमापाची चिकित्सा

प्रस्तावना

संशोधकाच्या कार्याचे मूल्य त्याच्या प्रकाशित लेखांच्या संख्येवरून आणि त्या लेखांना मिळालेल्या संदर्भोल्लेखांवरून, म्हणजेच सायटेशन्सवरून, ठरविण्याची प्रथा महाविद्यालयीन क्षेत्रात रूढ झाली आहे. यूजीन गारफील्ड यांनी १९५५ मध्ये विज्ञानविषयक लेखनासाठी अशा संदर्भसूचीची कल्पना मांडली. एखाद्या विचाराचा माग काढता यावा आणि सदोष लेखाचा आधार कोणी डोळे झाकून घेऊ नये, हा तिचा हेतू होता. १९६४ पासून ही सूची प्रसिद्ध होऊ लागली. २००५ मध्ये जॉर्ज हर्श यांनी एच-निर्देशांक सुचविला. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या विनियमांनी ए.पी.आय. गुणांची पद्धत आणली, तर २०१८ च्या विनियमांतील तक्त्यात १० पेक्षा अधिक इम्पॅक्ट फॅक्टर असलेल्या नियतकालिकातील लेखासाठी ३० गुणांची तरतूद झाली. मूळचे ग्रंथालयाचे साधन अशा रीतीने आस्थापना विभागाच्या टेबलावर आले. आरोग्यविज्ञानात हे साधन काय दाखविते आणि त्याच्या नजरेतून काय सुटते, याचा विचार एका मराठी संशोधकाच्या लेखनाच्या आधारे येथे केला आहे.

बिरवाडी ते लॅन्सेट

डॉ. हिंमतराव बावस्कर यांचा जन्म भोकरदन तालुक्यातील देहेड येथे झाला. १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा स्वतंत्र होईपर्यंत हा तालुका औरंगाबाद, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगर, जिल्ह्यात होता. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेतल्यानंतर १९७६ मध्ये ते महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणात लाल विंचवाच्या दंशाने माणसे, विशेषतः लहान मुले, दगावत असत. डिजॉक्सिन, स्टेरॉइड, ॲट्रोपिन असे निरनिराळे उपचार केले जात. मृत्यू नेमका कशाने होतो, याविषयी मात्र ग्रामीण डॉक्टरांजवळ निश्चित माहिती नव्हती.

१९८२ मध्ये लंडनच्या 'लॅन्सेट'मध्ये त्यांचा तीन पृष्ठांचा लेख प्रसिद्ध झाला. लेखक एकच होता. दंशानंतर उलटी, भरपूर घाम आणि गार पडलेले हातपाय ही चिन्हे हृदयावरील पुढच्या संकटाची पूर्वसूचना देतात, हा त्याचा आशय आहे. या लेखाचे वैशिष्ट्य असे की, त्यातील निष्कर्ष वापरण्यासाठी कोणत्याही यंत्राची गरज पडत नाही. डोळे, हात आणि रुग्णाजवळ थांबण्याची तयारी एवढी सामग्री पुरते. शहरातील सुसज्ज रुग्णालयात असा लेख लिहिला जाणे अवघड होते, कारण तेथे रुग्ण पोहोचेपर्यंत ही पूर्वचिन्हे बहुधा मागे पडलेली असतात.

डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांच्यासह लिहिलेला १९८६ चा लॅन्सेटमधील मजकूर ५१०-५११ या दोन पृष्ठांवर आटोपला आहे. विंचवाच्या विषामुळे शरीरात कॅटेकोलामाइन द्रव्यांचा लोंढा सुटतो, अल्फा ग्राहक उद्दीपित होऊन रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, हृदयावरील ताण वाढतो आणि अखेर फुप्फुसात पाणी साठते. प्राझोसिन हे रक्तदाबावरील औषध याच अल्फा ग्राहकांना अडविते. औषध जुने, स्वस्त आणि तोंडाने घेण्याजोगे आहे. रोगाच्या मुळाशी असलेल्या क्रियेवरच ते काम करते, हा या उपचारामागील साधा आणि भक्कम तर्क होय.

संख्येची भाषा

या लेखनाला संदर्भोल्लेखांच्या तराजूत घातले तर काय दिसेल? पहिली अडचण क्षेत्राच्या आकाराची आहे. एखाद्या लेखाला किती संदर्भोल्लेख मिळावेत, हे त्या विषयावर जगात किती जण लिहितात यावर बरेच अवलंबून असते. कर्करोगावर लिहिणारे असंख्य आहेत, तर विंचूदंशावर लिहिणारे मोजके. शिवाय विंचूदंशाचे रुग्ण प्रामुख्याने उष्ण प्रदेशातील शेतकरी व मजूर कुटुंबांतील असतात आणि प्राझोसिनसारख्या जुन्या औषधात कोणत्याही कंपनीला मोठा नफा नाही. त्यामुळे भरपूर निधीच्या बहुकेंद्री चाचण्या आणि त्यांच्यामागून येणारी संदर्भोल्लेखांची रांग येथे अपेक्षित नाही. हर्श यांचा निर्देशांकही येथे अपुरा पडतो. किमान दहा लेखांना प्रत्येकी किमान दहा उल्लेख असतील तर निर्देशांक दहा होतो. एकाच लेखाने उपचाराची दिशा बदलली तरी निर्देशांकात त्याची भर एका लेखाइतकीच.

दुसरी अडचण अधिक सूक्ष्म आहे. रॉबर्ट मर्टन या समाजशास्त्रज्ञाने दाखवून दिले की, एखादा शोध सर्वमान्य झाला की त्याच्या मूळ लेखाचा उल्लेख करणे लोक सोडून देतात. आरोग्य केंद्रातील जो वैद्यकीय अधिकारी विंचूदंशाच्या रुग्णाला प्राझोसिनची गोळी देतो, त्याला १९८६ चा लेख ठाऊक असण्याची गरज नाही आणि तो कोठे संदर्भही देत नाही. याउलट शोधनिबंधाच्या पहिल्या परिच्छेदात इतरांच्या यादीवरून उचललेला न वाचलेला संदर्भ मात्र संख्येत पुरेपूर मोजला जातो. शेवटचा प्रकार आपल्या महाविद्यालयांतील प्रबंधांत किती आहे, हे मार्गदर्शकांना वेगळे सांगावयास नको.

पुराव्याच्या मर्यादा

मोजमाप अपुरे आहे एवढ्यावरून लेखन निर्दोष ठरत नाही. बावस्कर यांच्या समीक्षालेखांत वारंवार येणारी तुलना अशी : १९६१ ते १९८३ या काळात पश्चिम भारतात फुप्फुसात पाणी साठून होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण २५ ते ३० टक्के होते, तर १९८४ नंतर, प्राझोसिनच्या काळात, ते १ टक्क्याहून खाली आले. ही तुलना दोन काळांची आहे, एकाच वेळच्या दोन गटांची नाही. मधल्या वर्षांत रस्ते सुधारले, रुग्ण लवकर येऊ लागले, डॉक्टर सावध झाले. त्यामुळे घट सर्वस्वी औषधामुळेच झाली, असे या आकड्यांवरून काटेकोरपणे सिद्ध होत नाही. शिवाय निरीक्षणे बहुतांशी एकाच केंद्रातील आहेत. अरुंद क्षेत्रात स्वतःच्याच पूर्वीच्या लेखांचा आधार वारंवार घ्यावा लागतो, हेही लक्षात ठेवले पाहिजे. मृत्यू डोळ्यांसमोर असताना एका गटाला औषध न देण्याची चाचणी करणे मात्र कोणत्याही डॉक्टरला नैतिकदृष्ट्या अवघड होते. हा आक्षेप नोंदविताना ते विसरता येत नाही.

त्यामुळेच २०११ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध झालेली बावस्कर दांपत्याची चाचणी त्यांच्या लेखनात सर्वांत महत्त्वाची मानावी लागते. महाड येथील ७० रुग्णांची यादृच्छिक विभागणी करून ३५ जणांना केवळ प्राझोसिन आणि ३५ जणांना प्राझोसिनसह विंचूप्रतिविष देण्यात आले. दहा तासांत पूर्ण बरे झालेल्यांचे प्रमाण प्रतिविषाच्या गटात ९१.४ टक्के, तर केवळ प्राझोसिनच्या गटात २२.९ टक्के होते. ज्या औषधाशी आपले नाव पंचवीस वर्षे जोडले गेले, ते एकटे कमी पडते, असे त्या औषधाच्या पुरस्कर्त्यांनीच दाखवून दिले. चाचणी खुली होती, म्हणजे कोणाला काय दिले हे डॉक्टरांना ठाऊक होते. ही तिची उणीव आहे. पुद्दुचेरीच्या जिपमेर संस्थेने मुलांवर केलेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या यादृच्छिक चाचणीतही दोन्ही औषधे मिळालेली मुले लवकर बरी झाली. एका खासगी रुग्णालयाच्या निष्कर्षाला दूरच्या स्वतंत्र संस्थेने पुष्टी देणे हे संदर्भोल्लेखांच्या यादीत केवळ 'एक' म्हणून मोजले जाते. पुराव्याच्या दृष्टीने पाहता ओझरत्या पन्नास उल्लेखांपेक्षा त्याचे वजन अधिक आहे.

२०१४ मध्येच 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'ने विंचूदंशावरील समीक्षालेख प्रसिद्ध केला. त्याचे लेखक ऑस्ट्रेलियाचे जेफ्री इस्बिस्टर आणि महाडचे हिंमतराव बावस्कर. २०२२ मध्ये बावस्कर यांना पद्मश्री जाहीर झाली. समीक्षालेखांना मूळ संशोधनापेक्षा अधिक संदर्भोल्लेख मिळतात, हा सर्वसाधारण अनुभव आहे. विंचूदंशावर आज लिहू लागणारा संशोधक २०१४ च्या लेखाचा आधार घेईल, हे स्वाभाविक आहे. बिरवाडीतल्या खाटांजवळ बसून केलेल्या निरीक्षणांचा १९८२ चा तीन पृष्ठांचा लेख त्याच्या यादीत असेलच, असे नाही.