मुलांच्या माहितीपर लेखनातील 'म्हणे'

शाळकरी मुलांनी स्वतः माहिती जमवून लिहिलेली व वर्गात एकमेकांस वाचावयास दिलेली हस्तलिखित पुस्तके नांदेड-लातूरकडील शाळांतून अधूनमधून पाहावयास मिळतात. गावची विहीर, आठवडी बाजार, पिके, जुने वाडे हे त्यांचे विषय. त्यांचे कौतुक होते, परीक्षण होत नाही. सुवाच्य अक्षर आणि रंगीत चित्रे यांपलीकडे पाहणारा वाचक त्यांस क्वचितच लाभतो.

लातूर जिल्ह्यातील एका शाळेत असे एक पुस्तक माझ्या हाती आले. विषय, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचा किल्लारीचा भूकंप. लेखिकेच्या जन्माच्या पुष्कळ आधीची ही घटना. तिने लिहिले होते, 'आमचा वाडा पडला म्हणे.' त्यातील 'म्हणे' तांबड्या शाईने खोडलेला होता. घटना तीच राहिली. परंतु जी त्या पहाटे जन्मलीही नव्हती, ती साक्षीदार ठरली.

खोडणाऱ्याचा हेतू समजण्यासारखा आहे. प्रौढांच्या प्रमाण मराठीत 'म्हणे'ला अविश्वासाची, प्रसंगी उपहासाचीही छटा असते, आणि माहिती तर ठामपणे सांगावयाची, अशी आपली समजूत. पण या सीमाभागातील मुलांच्या कानांवर आणखी भाषा असतात. देगलूर-बिलोलीकडील तेलुगूत 'अंट', निलंगा-उदगीरकडील कानडीत 'अंते', दखनीत 'कते' ही रूपे ऐकीव वार्ता प्रत्यक्ष पाहिलेल्या गोष्टीहून वेगळी दाखवितात. त्यांत संशय असलाच पाहिजे असे नाही. मुलीचा 'म्हणे' याच जातीचा होता, असे मला वाटते. शिक्षकाने ज्याला शंका मानले, तो वस्तुतः आधाराचा निर्देश होता.

ऐकीव म्हणजे दुय्यम, हेही मान्य करता येत नाही. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांच्या शाळेतील विद्यार्थिनी मुक्ता साळवे हिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध 'ज्ञानोदया'त १८५५ साली प्रसिद्ध झाला. तेव्हा तिचे वय चौदा वर्षांच्या आसपास होते. पेशवाई १८१८ सालीच संपलेली. म्हणजे पेशवाईतील छळाविषयी ती जे लिहिते ते तिने ऐकलेलेच असणार. उलट, बाळंतपणात डोक्यावर छप्परही नसलेल्या आपल्या स्त्रियांचे हाल तिच्या भोवतालचे होते. ज्यांची दप्तरे इतरांनी लिहिली, त्यांच्या घरातील ऐकीव हेच त्यांचे दप्तर होय. मुलांच्या माहितीपर लेखनाचा विचार आपल्याकडे या निबंधापासून सुरू व्हावयास हवा. तो बहुधा बालसाहित्याच्या स्पर्धांपासून सुरू होतो, हे आपले दुर्दैव.

तथापि 'म्हणे' जसाच्या तसा राहू द्यावा, असेही माझे म्हणणे नाही. ऐकले एवढे तो सांगतो; कोणाकडून, हे झाकून ठेवतो. वाडा पडताना पाहणारी आजी, तिच्याकडून ऐकणारा बाप आणि गावात फिरणारी वदंता, या तिघांना तो एकाच शब्दात गुंडाळतो. वर्गातील दुसऱ्या मुलाने ते पुस्तक वाचून 'तुला कोणी सांगितले?' असे विचारले असते, तर तांबड्या शाईपेक्षा त्याचा उपयोग अधिक झाला असता. पुस्तके एकमेकांस वाचावयास देण्याचे खरे प्रयोजन मला येथे दिसते.

त्याच पुस्तकात पुढे, पत्र्याच्या निवाऱ्यात काढलेल्या दिवसांच्या वर्णनात, एक वाक्य 'आजी सांगते' असे सुरू होते. त्याला शाई लागलेली नव्हती.