प्रश्न आपला, उत्तर कोणाचे?

फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ आम्ही जेव्हा जेव्हा वाचतो, तेव्हा त्यातील भाषावैभवाने भारावून जातो. १६१६ साली गोव्यातील राशोल येथे रोमन लिपीत छापलेल्या या सुमारे अकरा हजार ओव्यांनी ख्रिस्तचरित्र मराठीत रुजवले.

या वेळी मात्र ग्रंथाची रचनाच मनाला टोचली. साष्टीतील एक ब्राह्मण भाविक विनंती करतो, प्रश्न विचारतो. उत्तर देतात ते पाद्रीगुरू. भाषा आपली, शंका आपली, गुरुपीठ परक्याचे. हा केवळ काव्याचा संकेत नव्हता. त्याच शतकात दिवाडी बेटावरील मातेउस दे कास्त्रो यांना गोव्यात गुरुदीक्षा नाकारण्यात आली. रोमला जाऊन ते धर्मगुरू झाले, १६३७ साली बिशपही झाले; तरीही गोव्यातील पोर्तुगीज सत्तेने त्यांना मानले नाही.

हे दुःख आपल्यापुरते नाही. अमेरिकेतील सान अंतोनियोचे मेक्सिकन वंशाचे धर्मगुरू व्हर्जिलिओ एलिझोंडो यांनी १९७२ साली आपल्या लोकांसाठी प्रशिक्षणसंस्था उभारली. यरुशलेमने हिणवलेल्या गालीली येशूमध्ये त्यांना आपल्या उपेक्षित समाजाचा चेहरा दिसला. पेत्राचीही ओळख त्याच्या बोलीवरूनच पटली होती, हे वाचकांना स्मरत असेलच.

म्हणूनच फादर फ्रान्सिस दिब्रिटो (१९४२–२०२४) यांचे ‘सुबोध बायबल’ (२०१०) आम्हांला मोलाचे वाटते. येथे वसईच्या मातीतला धर्मगुरू मराठी वाचकाला मराठीतच शास्त्र उलगडून सांगतो. पाद्रीगुरूंचे आसन अखेर आपल्या माणसाकडे आले. परंतु एका व्यासंगी माणसाच्या परिश्रमाने अध्यापनाची परंपरा उभी राहत नाही.

आम्ही स्वतः ईशज्ञान इंग्रजीतून शिकलो. ठाण्यात वा डोंबिवलीत एखादी आजी विचारते, “फादर, देवानं माझा मुलगा का नेला?” तेव्हा सेमिनरीत पाठ केलेल्या व्याख्या आठवतात, तिला सांगण्याजोगा शब्द सुचत नाही. १९८८ साली मल्याळी भाविकांच्या उपासनापरंपरेसाठी कल्याण धर्मप्रांत स्थापन झाला. त्याचा हेवा नको; आपली परंपरा जपणाऱ्यांकडून धडा घ्यावा.

ज्या घरातील मुलगा सेमिनरीत जाऊ इच्छितो, त्या घराने हे दोन्ही ग्रंथ त्याच्या हाती द्यावेत. त्याने तेथे इंग्रजी अवश्य शिकावी. आजीच्या प्रश्नाचे उत्तर मात्र मराठीत घेऊन परतावे.