काळ्या पावसातील अंत्यविधी

मोठ्या आपत्तीनंतर लोक धर्मसेवकाकडे दोन गोष्टी मागतात : झाल्या अनर्थाचा अर्थ आणि आपल्या मृतांसाठी विधिपूर्वक निरोप. पहिली मागणी पुरवण्याची आपणांस घाई असते. दुसरीचे मोल आपण पुष्कळदा कमी लेखतो. म्हणून जपानी कादंबरीकार मासुजी इबुसे (१८९८–१९९३) यांची ‘काळा पाऊस’ ही कादंबरी आमच्या वाचकांनी अवश्य वाचावी, असे आम्हांस वाटते.

ही कादंबरी १९६५-६६ मध्ये एका मासिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली. ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर पडलेल्या अणुबॉम्बातून वाचलेल्या एका गृहस्थाच्या रोजनिशीचा तिला आधार आहे. कथानायक शिगेमात्सु काही वर्षांनंतर खेड्यात राहत आहे. त्याच्या भाचीचे लग्न जमत नाही, कारण स्फोटाच्या वेळी ती शहरात होती अशी वदंता आहे. ती खोडून काढण्यासाठी तो रोजनिशीची नक्कल करू लागतो. परंतु स्फोटानंतर कोसळलेला काजळीचा किरणोत्सर्गी पाऊस तिच्या अंगावर पडलेला असतो. नक्कल चालू असतानाच तिला आजार जडतो.

ग्रंथाचा गाभा आम्हांस एका साध्या प्रसंगात दिसतो. शिगेमात्सु नोकरीस असलेल्या कारखान्यात माणसे मरत आहेत आणि भिक्षू मिळत नाही. व्यवस्थापक त्यालाच अंत्यपाठ म्हणण्यास सांगतो. तो दीक्षित नाही, त्याला पाठ येत नाहीत. तो मंदिरात जाऊन एका वृद्ध भिक्षूकडून ते उतरवून घेतो आणि प्रेतामागून प्रेतावर म्हणतो. अनर्थाचा उलगडा तो करीत नाही. ईयोबाचे मित्र सात दिवस मुकाट्याने बसले तोवर त्यांचे काही चुकले नव्हते, याची येथे आठवण होते. पाळक दूर असताना दफनाची उपासना चालवणाऱ्या आपल्या खेड्यांतील उपदेशकाला हा शिगेमात्सु परका वाटणार नाही.

उणीव सांगावयाची तर, देवाला जाब विचारणारा स्तोत्रकर्त्याचा आक्रोश या ग्रंथात नाही. त्यातील अंत्यपाठ जीवनाच्या क्षणभंगुरतेचा आहे. पुनरुत्थानाची आशा त्यात शोधू नये. मत्स्यपालनाचे आणि युद्धकाळातील अन्नाचे तपशीलही काही वाचकांस लांबलेले वाटतील. आमच्या मते मात्र तेच कादंबरीचे बळ आहे : उद्ध्वस्त माणूस पुन्हा दिवस मोजू लागतो तो अशाच कामांनी.

शेवटी शिगेमात्सु डोंगरांकडे पाहत मनाशी म्हणतो की, रंगीत इंद्रधनुष्य दिसले तर भाची बरी होईल. तसे होणार नाही, हे त्याला ठाऊक आहे. येथे नोहाचा करार आणून बसवण्याचा मोह ख्रिस्ती वाचकास होईल. तो आपण आवरावा. आशा आपणांस सांगावयाचीच आहे. परंतु ज्याने आधी प्रेताशेजारी उभे राहून प्रार्थना म्हटली, त्याच्याच तोंडून ती ऐकली जाते.