इंग्रजी सिलॅबल व मराठी कान

मराठी भाषा जशी लिहितात तशीच ती बोलतात, आणि इंग्रजी मात्र लिहावी एक व वाचावी दुसरी, हा सिद्धान्त आमच्या सुशिक्षित घरांतून इतका रूढ झालेला आहे कीं, त्याविषयीं शंका घेणाराच बहुधा हास्यास्पद ठरतो. आम्हीहि हा सिद्धान्त लहानपणीं ऐकला, मोठेपणीं दुसऱ्यांस ऐकविला, आणि त्यांत कांहीं वावगें आहे असें आमच्या मनांत कधीं आलें नाहीं. परंतु अलीकडे एका लहान मुलीच्या वहीनें आम्हांस तो पुन्हां तपासून पाहावयास लावलें. आणि तपासाअंतीं जें आढळलें तें मुलांच्या इंग्रजीइतकेंच आपल्या मराठी काव्यवाचनासहि लागू आहे असें वाटल्यावरून तें वाचकांपुढें ठेवीत आहों.

बदलापुरांत आमच्या शेजारीं राहणारी ही मुलगी इंग्रजी माध्यमाच्या एका शाळेंत दुसरीच्या वर्गांत शिकते. बाराखडी मात्र ती शाळेंत जाण्यापूर्वींच आजीजवळ शिकली होती. घरीं सोडवावयास दिलेल्या एका पानावर कांहीं इंग्रजी शब्द होते, आणि प्रत्येकांत सिलॅबल किती तें पुढें लिहावयाचें होतें. तिनें ‘बस’पुढें दोन, ‘कॅम्प’पुढें दोन, ‘ऑरेंज’पुढें तीन व ‘चॉकलेट’पुढें चार असे आंकडे घातले होते, आणि त्या प्रत्येकावर तांबड्या शाईची फुली होती. मुलगी रडकुंडीस आली होती. ‘आजी, बसमध्यें ब आणि स अशीं दोन अक्षरें आहेत ना ग? मग टीचर एकच कां म्हणतात?’ आजींनीं चष्मा लावून पान पाहिलें, ‘दोनच आहेत, बाळ,’ असा निर्वाळा दिला, आणि चूक टीचरचीच असली पाहिजे असें ठरून त्या घरापुरतें तें प्रकरण मिटलें. आमच्या मनांतून मात्र तें गेलें नाहीं. चारहि उत्तरें एकाच नियमानें काढलेलीं होतीं; म्हणजे मुलीची बुद्धि चालली होती व नीट चालली होती. मोजावयाचें काय, हेंच तिला कोणी सांगितलें नव्हतें.

‘सिलॅबल’ ह्या शब्दाचें भाषांतर आपण सवयीनें ‘अक्षर’ असें करतों, आणि येथेंच घोटाळ्यास आरंभ होतो. अक्षर म्हणून मूल जें ओळखतें ती कागदावरची खूण आहे. सिलॅबल हा एका स्वराभोंवतीं गोळा झालेला उच्चाराचा तुकडा आहे. या लेखापुरतें आम्ही त्यास उच्चारखंड म्हणूं. कानाला जितके स्वर ऐकूं येतील तितके उच्चारखंड; स्वराच्या मागेंपुढें व्यंजनें कितीहि असोत, त्यांची निराळी गणना नाहीं. इंग्रजींतील ‘स्ट्रेंग्थ्स’ हा शब्द लिहावयास नऊ वर्ण लागतात, परंतु त्यांत स्वर एकच असल्यामुळें उच्चारखंडहि एकच. उलट ‘एरिआ’ हा शब्द चार वर्णांत लिहून होतो, पण त्यांत उच्चारखंड तीन आहेत. आतां त्या मुलीचे शब्द पाहा. ‘बस’ म्हणतांना इंग्रजाच्या तोंडून एक स्वर निघतो, आणि आमच्याहि तोंडून एकच निघतो. ‘ऑरेंज’मध्यें दोघांचेहि दोन. ‘चॉकलेट’ हा शब्द आपण बोलतांना ‘चॉक्-लेट्’ असाच उच्चारतों, आणि बहुतेक इंग्रजहि त्याचे दोनच खंड करतात. म्हणजे जीभ बरोबर होती, फसली ती लेखणी. चारांपैकीं एक ‘कॅम्प’ तेवढा खरोखर निराळा. कारण जोडाक्षरान्त शब्दाच्या शेवटीं आपण एक पुसटसा अ लावतों, व इंग्रज तो लावीत नाहीं. ‘फिल्म’, ‘बल्ब’ यांची गत हीच. म्हणून कोणी त्यांस सरळ ‘फिलिम’ करून टाकतात, व ‘ग्लास’चा ‘गिलास’ होतो.

वाचकांस ही गोष्ट इंग्रजी शब्दांपुरतीच वाटली तर त्यांनीं कल्याणहून कर्जतच्या बाजूस जाणाऱ्या लोकल गाडींत बसावें. पाट्यांवरील नांवें क्रमानें घेऊं. ‘कल्याण’ हीं लिहितांना ३ अक्षरें, पण बोलतांना ‘कल्-याण्’ असे २ उच्चारखंड. ‘विठ्ठलवाडी’ लिहितांना ५, बोलतांना ४. ‘उल्हासनगर’ लिहितांना ६, बोलतांना ‘उल्-हास्-न-गर्’ असे ४. ‘अंबरनाथ’ लिहितांना ५, बोलतांना ‘अम्-बर्-नाथ्’ असे ३. ‘बदलापूर’ लिहितांना ५, बोलतांना ‘बद्-ला-पूर्’ असे ३. पांच स्टेशनांचीं मिळून कागदावर २४ अक्षरें, व तोंडांत १६ उच्चारखंड! जी भाषा लिहावी तशी बोलतात म्हणून आम्ही अभिमान मिरवितों, तिच्यांत इतक्या थोड्या अंतरांत आठ स्वर नाहींसे होतात, आणि रोज ये-जा करणाऱ्यांपैकीं एकासहि त्याची वार्ता नसते.

हे गळणारे स्वर सर्व एकाच जातीचे आहेत. शब्दाच्या अंतींचा अ बोलतांना लोपतो, आणि पुढील अक्षर भरदार स्वराचें असल्यास मधला अहि पुष्कळदां लोपतो. म्हणून ‘बदला’चें ‘बद्ला’ होतें. लेखनांत मात्र तो जागच्या जागीं राहतो, कारण लेखन जुना उच्चार जपून ठेवतें. अंबरनाथचें शिवमंदिर शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० मधील आहे. तेथील संस्कृत स्तोत्रांत देवाचें नांव आलें तर तें पांचहि स्वरांनीं उच्चारावें लागेल, आणि मंदिराबाहेर रिक्षावाल्यास तेंच नांव सांगतांना आपण तिहींत आटोपूं. इंग्रजांनीं याहून निराळें काय केलें आहे? त्यांचा ‘बिझनेस’ हा शब्द लिहितांना मध्यें एक स्वर आहे, तो बोलतांना कधींच गळून गेला. दोनच खंड उरले. ‘एव्हरी’मधील मधला स्वर असाच गेला. ‘बिझनेस’चा स्वर गेला तर ती इंग्रजीची लबाडी, आणि ‘बदलापूर’चा गेला तर त्याचा पत्ताच नाहीं, हा न्याय आम्हांस एकतर्फी वाटतो.

शाळांतून ही मोजणी शिकविण्याच्या ज्या रीती चालतात त्यांचा विचार आतां करूं. एक रीत टाळ्या वाजविण्याची: शब्द म्हणावा व प्रत्येक खंडास एक टाळी द्यावी. दुसरी, हनुवटीखालीं तळहात धरण्याची: स्वर उच्चारतांना जबडा खालीं येतो, तो जितके वेळां हातास लागेल तितके खंड. तिसरी कागदावरची: शब्दांतील स्वरवर्ण मोजावे, अंतींचा मुका ई वजा करावा, व जोडून आलेले दोन स्वरवर्ण एक धरावे. यांपैकीं तिसरी रीत आम्हांस सर्वांत वाईट वाटते. ‘क्रीम’ आणि ‘क्रिएट’ या दोन्ही शब्दांत ई व ए हे वर्ण शेजारीं शेजारीं येतात. पहिल्यांत त्यांचा एक स्वर होतो, दुसऱ्यांत दोन. कागद याविषयीं मुका आहे, आणि ज्यास शब्द ऐकून ठाऊक नाहीं त्यास हा नियम तारणार नाहीं. भूतकाळाच्या प्रत्ययाचेंहि तसेंच: ‘वॉक्ड’मध्यें त्यानें खंड वाढत नाहीं, ‘वाँटेड’मध्यें वाढतो. पहिल्या दोन रीती चांगल्या आहेत, पण एका अटीवर: शब्द नेहमींच्या बोलण्यासारखा म्हटला पाहिजे. आमचें मूल टाळी वाजवावयाची म्हटली कीं बाराखडीच्या चालीवर ‘चॉ, क, ले, ट’ असें सुटें सुटें म्हणूं लागतें. मग टाळ्या चार पडणारच, व हनुवटीहि चार वेळां हालणारच. रीतीस दोष देऊन काय उपयोग? तिला जें ऐकविलें तेंच तिनें मोजलें.

याखेरीज मोजण्याचें माप प्रत्येक भाषेचें निराळें असतें, हेंहि शिक्षकांनीं ध्यानांत ठेवणें जरूर आहे. जपानी माणूस आपल्या ‘टोकियो’ या नगराच्या नांवांत दीर्घ स्वरांची दुप्पट गणना करून चार मापें मोजतो; इंग्रज तीन खंड मोजतो. हें लांबचें उदाहरण झालें. जवळचें उल्हासनगरांत मिळेल. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांची कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांत वसाहत झाली व १९४९ सालीं तिला उल्हासनगर हें नांव मिळालें. तेथील भाग अजून ‘कॅम्प’ या नांवानेंच ओळखतात. परंपरेच्या सिंधींत शब्दाच्या अंतीं स्वर उच्चारला जातो. आपलें ‘घर’ एका खंडाचें, त्यांचें ‘घरु’ दोन खंडांचें. आणि अरबी वळणाच्या त्यांच्या लिपींत तो ऱ्हस्व स्वर बहुधा लिहिलाच जात नाहीं. म्हणजे आम्ही लिहून बोलत नाहीं, ते बोलून लिहीत नाहींत! अशीं दोन घरचीं मुलें एका बांकावर बसून एकच इंग्रजी शब्द मोजतात, तेव्हां दोघांच्या चुका एकाच फुलीनें कापणें हें शिकविणें नव्हे.

आमच्या वाचकांपैकीं कोणी म्हणतील कीं, हा सारा इंग्रजीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रश्न झाला. साहित्याच्या मासिकांत त्याचें काय काम? काम आहे, व तें असें. मराठी काव्याची सारी मोजणी त्या गळणाऱ्या अ वर उभी आहे. माधव जूलियन यांनीं ‘छन्दोरचना’ या ग्रंथांत (१९२७, वाढविलेली आवृत्ति १९३७) आपल्या पद्याचे वृत्त, जाति व छंद असे भाग केले. वृत्तांत लघुगुरूंचा क्रम अक्षराक्षरास ठरलेला, जातींत मात्रा मोजावयाच्या, छंदांत नुसती अक्षरसंख्या. तिहींतहि बोलतांना लोपणारा अ पूर्ण धरला जातो. शार्दूलविक्रीडिताच्या चरणांत १९ अक्षरें असतात. परंतु ‘शार्दूलविक्रीडित’ हें नांवच आपण बोलतांना सात अक्षरांऐवजीं पांच उच्चारखंडांत संपवितों. त्याच चालीनें कोणी चरण वाचला तर एकोणीसांची तेरा-चौदा होऊन वृत्ताचा चुराडा होईल, आणि आजच्या शाळांतून व संमेलनांतून तो होत असलेला आम्हीं ऐकलेला आहे. मुलांस जुनी कविता रुक्ष वाटते अशी तक्रार करणारांनीं ती त्यांच्या कानांवर कोणत्या उच्चारानें पडते, हें एकदां पाहावें. आजींचें पाठांतर त्या घरांत अजून सुरेल आहे तें याच कारणानें, कीं त्या स्तोत्र म्हणतांना एकहि अ गिळीत नाहींत. आणि त्याच आजी पुढच्या क्षणीं ‘बदलापूर’चा द अर्धा उच्चारून भाजीवालीशीं भाव करतात. दोन मापें त्यांच्या जिभेवर सुखानें नांदतात. फक्त त्यांस तीं दोन आहेत हें ठाऊक नाहीं.

इंग्रजीची मोजणी आमच्या काव्यानेंहि कधीं शिकली नाहीं. १८९२ सालीं केशवसुतांनीं सॉनेट मराठींत आणलें. त्यामागून चौदा ओळींच्या कवितांची मोठी परंपरा झाली. परंतु इंग्रजी सॉनेटची ओळ दहा उच्चारखंडांची, आणि त्यांतहि हलका-जड असा आघातांचा क्रम ठेवणारी. तिच्या जागीं आमच्याकडे बहुतकरून एकोणीस अक्षरांचें शार्दूलविक्रीडित आलें. ओळी विलायतेहून आल्या, माप घरचेंच राहिलें. त्यांत कवींचें कांहीं चुकलें नाहीं. घरचें माप त्यांस उत्तम साधलें. पण त्यामुळें मूळ इंग्रजी कविता वाचतांना आमचा विद्यार्थी अर्थ जाणतो, अलंकार जाणतो, आणि ती ओळ चालते कशी हें मात्र त्यास ऐकूं येत नाहीं. तर्खडकरी इंग्रजीवर वाढलेल्या पिढ्यांनीं तें सारें डोळ्यांनीं मिळविलें. आज मराठी शाळांतहि पहिलीपासून इंग्रजी आहे, तरी कानाची वाट अजून फारशी रुळलेली नाहीं.

म्हणून आमची सूचना एवढीच आहे, कीं इंग्रजी शब्दांचे उच्चारखंड शिकविण्यापूर्वीं मुलास त्याच्या गांवाचें नांव मोजावयास सांगावें. एकदां लिहून, एकदां बोलून, व एकदां श्लोकाच्या चालीवर. बोलतांना आंकडा निराळा कां येतो हें त्यास कळलें म्हणजे ‘बस’ व ‘चॉकलेट’ आपोआप सुटतील, आणि श्लोकहि सुधारेल. शिक्षकांनींहि एवढें औदार्य दाखवावें, कीं ‘चॉकलेट’चे कोणी सावकाश बोलून तीन खंड केले तर फुली मारूं नये, कोशांतहि तो उच्चार आढळतो.

आम्हीं तसें करून पाहिलें. परवां त्या मुलीस व तिच्या आजींस घेऊन आम्ही कल्याणहून परत येत होतों. अंबरनाथ सुटल्यावर मुलीनें हनुवटीखालीं हात धरून पुढच्या स्टेशनचें नांव दोनदां पुटपुटलें आणि ‘तीन!’ म्हणून ओरडली. आजींनीं तिच्याकडे पाहिलें, मग मनाशीं तेंच नांव सावकाश म्हटलें, व पुन्हां एकदां नेहमींसारखें म्हटलें. ‘इतकीं वर्षें इथें काढलीं,’ त्या म्हणाल्या, ‘आणि मी पांच समजत होतें!’